दम, दमा आणि मैदान



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी विषय लिहून कळवला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कार्यवाहांचा दूरध्वनी आला. त्यांनी अत्यंत संकोचाने विचारले, "सर, विषय भलत्याच पत्रावर तर आला नाही ना?" त्यांची अपेक्षा साहजिक होती. पस्तीस वर्षे महाविद्यालयात संतसाहित्य आणि व्याकरण शिकवलेल्या माणसाने दम्याची औषधे आणि स्नायूंची ताकद यांवर बोलावे, हे कोणालाही चमत्कारिकच वाटेल. परंतु ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे ते सर या शाळेचे क्रीडाशिक्षक होते, आणि त्यांचा माझा जो काही संबंध आला तो या दम्यापायीच आला. शिवाय मला एका व्यक्तीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. ती व्यक्ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. प्रश्न काय, ते ओघाने येईलच.

मी या शाळेत आलो तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबे तापीच्या पाण्यासारखीच उतारावर वाहत सुरतेस आली होती आणि मागांवर कामाला लागली होती. त्या मुलांना सरांनी मैदान दिले. हुतूतू हा बिनपैशाचा खेळ. एक रेघ मारली, की क्रीडांगण तयार. मी मात्र त्या रेघेच्या बाहेर असे. मला लहानपणापासून दमा. घरी आजी निखाऱ्यावर धोत्र्याची वाळलेली पाने टाकून त्यांचा धूर मला ओढायला लावी. (हा उपाय निव्वळ अडाणी समजू नका. धोत्र्यात अॅट्रोपीन असते आणि ते श्वासनलिका खरोखर सैल करते. ही धूम्रपानाची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याच देशातून युरोपात गेली. आज वापरात असलेले इप्राट्रोपियम हे त्या अॅट्रोपीनचेच वंशज आहे. धोत्रा विषारी आहे, ही गोष्ट अर्थातच वेगळी.) सरांनी मला एकदा धावताना पाहिले, माझ्या छातीतली शिट्टी ऐकली आणि हातात पाटी-खडू देऊन सांगितले, "तू गुण लिही." सात वर्षे मी गुण लिहिले. त्यांनी ते मायेनेच केले होते. त्या काळी दमेकऱ्याला सावलीत बसवण्यापलीकडे कोणाजवळ दुसरा उपाय तरी काय होता?

आता थोडा माझ्या धंद्याचा भाग. 'दम' हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. फारसीत दम म्हणजे श्वास, तर संस्कृतात दम म्हणजे निग्रह. मराठीत या दोहोंची अशी सरमिसळ झाली आहे, की कोणाचा कोणता वाटा हे सांगणे कठीण व्हावे. आपण दम धरतो, दम देतो, दम खातो. गवयाचा दमसास असतो, पैलवानात दम असतो आणि दिवसभर राबून माणूस दमतो. ताकद आणि थकवा, दोन्ही एकाच शब्दातून निघाले आहेत. कबड्डीत तर 'दम' हा नियमातलाच शब्द. चढाई करणाऱ्याचा दम तुटला की तो बाद. आणि या सगळ्याला एक काना जोडला, की 'दमा' होतो. तेव्हा आपल्या भाषेने आधीच निकाल देऊन ठेवला आहे, की ज्याला दमा त्याच्यात दम नाही. हा निकाल चुकीचा आहे, हे मला कळायला सत्तरी उलटावी लागली.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी नात कबड्डी खेळते. तिलाही दमा आहे. ही आमच्या घरची वडिलोपार्जित इस्टेट. तिच्या डॉक्टरांनी तिला दोन पंप दिले आहेत: एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि दुसरा खेळण्याआधी दहा-पंधरा मिनिटे. आंतरशालेय सामन्यांच्या पहिल्या दिवशी तिने मैदानाच्या कडेला उभे राहून तो दुसरा पंप घेतला. समोरच्या संघातील एका मुलीचे वडील शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, "दवा मारीने रमे छे." म्हणजे पोरगी औषध मारून खेळते. हे मी ऐकले, तिनेही ऐकले. त्या रात्री मी तिला जे सांगितले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "बाळ, उद्या चारचौघांत नको ओढूस. सामना झाल्यावर घे."

तिने ऐकले. पंप पिशवीत राहिला. उत्तरार्धात तिसरी चढाई करून ती मध्यरेषेपर्यंत आली, खाली बसली, आणि तिला शब्द फुटेना. पंचांना या दुखण्याची माहिती होती, म्हणून त्यांनी तिला झोपवले नाही, बसतेच ठेवले. कोणीतरी धावत पिशवी आणली. ती रात्र तिने रुग्णालयात नेब्युलायझरच्या वाफेवर काढली. पहाटे तिला बरे वाटले, तेव्हा ती माझ्यावर रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "आजोबा, पण मग मी खरंच चोरी करत होते का?"

मला उत्तर आले नाही. व्याकरणाच्या प्राध्यापकाला ते येणारही नव्हते. म्हणून मी वाचू लागलो. माझा एक जुना विद्यार्थी आज छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. त्याने मला चुकलेल्या जागी थांबवून पुनःपुन्हा समजावले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या शरीरातले सगळे स्नायू एकाच तऱ्हेचे नाहीत. दंड-मांड्यांचे स्नायू आपल्या इच्छेने चालतात. श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंवर आपली सत्ता चालत नाही. दमेकऱ्याच्या श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. तो जोरात धावला, तोंडाने भराभर श्वास घेऊ लागला, की त्या नलिकांचे आतले अस्तर कोरडे पडते, चिडते आणि भोवतीचा स्नायू आवळला जातो. बहुधा हे धावताना होत नाही, धावून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत होते. म्हणूनच शिक्षकांना वाटते, की मूल नाटक करते आहे: "धावत होतास तेव्हा बरा होतास की!"

भय वाटले की आपलेच शरीर अॅड्रेनलिन नावाचा स्राव सोडते. त्याने हृदय धडधडते आणि श्वासनलिका मोकळ्या होतात. वैद्यकाने शंभर वर्षे या स्रावाची नक्कल सुधारत नेली. दुसरे काम टाळायचे आणि नलिका मोकळ्या करण्याचे तेवढे ठेवायचे, असा तो खटाटोप होता. औषध हुंगण्याचा सुटसुटीत पंप अमेरिकेत १९५६ साली बाजारात आला. एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने विचारले, की आईच्या केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नसावे, आणि त्यातून तो जन्मला, असे सांगतात. साल्ब्युटामॉल हे औषध १९६९ साली इंग्लंडमध्ये आले. आपल्याकडे मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७६ पासून दम्याचे पंप देण्यास आरंभ केला. मी तेव्हा तरुण अधिव्याख्याता होतो. पहिला पंप घेतला त्या दिवशी मी चौक बाजारपासून घरापर्यंत न थांबता चालत आलो. ते सुख शब्दांत सांगता येत नाही.

परंतु त्याच दिवशी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. फळ्यावर लिहिताना माझा खडू थरथरत होता. हे कापरे पंप घेणाऱ्या पुष्कळांना ठाऊक असते. त्याचा अर्थ मला आता कळला. साल्ब्युटामॉल ज्या कुलपाची किल्ली आहे ते कुलूप केवळ श्वासनलिकेत नाही, हाताच्या स्नायूतही आहे. फुप्फुसातून थोडे औषध रक्तात उतरते आणि तिथवर पोचते. श्वासनलिकेचा स्नायू त्याने सैलावतो. हातापायांच्या स्नायूत मात्र ते आकुंचन जोरदार करू शकते आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिले, तर स्नायू वाढवूही शकते. म्हणजे त्या पालकाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. हे मान्य केल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

या औषधांच्या कुळात क्लेनब्युटेरॉल नावाचे एक नातलग आहे. ते जनावरांत मांस वाढवते. १९९२ साली जर्मनीची विश्वविजेती धावपटू कात्रिन क्राबे त्याच औषधापायी अडकली, आणि त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमधून अमेरिकेच्या दोन फेकपटूंना त्याच कारणाने घरी जावे लागले. साल्ब्युटामॉलच्या गोळ्या काही आठवडे घेतल्याने निरोगी पुरुषांच्या मांड्यांची ताकद वाढल्याचे प्रयोगही झालेले आहेत. डेन्मार्कमधील संशोधकांना टरब्युटालिन या भावंडाची मोठी मात्रा हुंगूनही स्नायूंच्या जोरात वाढ दिसली. मग पंपाला मोकळीक का?

उत्तर मात्रेत आहे. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल असते आणि त्यातलाही लहानसाच वाटा फुप्फुसात पोचतो. बाकीचे तोंडात-घशात बसते. चार मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे असे चाळीस दाब. निरोगी खेळाडूंना पंपाची नेहमीची मात्रा देऊन पुष्कळ प्रयोग झाले. लांब पल्ल्याच्या दमात त्यांना त्याचा काही लाभ झाल्याचे दिसले नाही. क्षणिक जोराच्या कामात जी काही थोडी वाढ दिसते ती मुख्यतः मोठ्या मात्रांची आणि बंदी असलेल्या औषधांची. ज्याच्या नलिका मोकळ्याच आहेत त्याला आणखी मोकळे काय करणार? उघड्या दाराला दुसरी किल्ली लावून खोलीत जास्त हवा येत नाही.

म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने साल्ब्युटामॉलवर सरसकट बंदी न घालता मर्यादा आखली आहे. हुंगून घेतले तर चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते आणि २०२२ पासून कोणत्याही आठ तासांत ६०० हून अधिक चालत नाही. म्हणजे दिवसाला सोळा दाब, आठ तासांत सहा. लघवीत दर मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅमहून अधिक आढळले, तर खेळाडूला जाब द्यावा लागतो. सायकलपटू क्रिस फ्रूमच्या नमुन्यात २०१७ साली स्पेनच्या शर्यतीत २००० सापडले. पुढे नऊ-दहा महिने वाद चालला आणि जुलै २०१८ मध्ये तो निर्दोष ठरला. माझी नात सामन्याआधी दोन दाब घेते.

आता आपल्या जवळचे उदाहरण. विरारहून पहाटेच्या लोकलने सरावाला जाणारा पृथ्वी शॉ आपणा सर्वांना ठाऊक आहे. शाळकरी वयात, २०१३ साली, हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ धावा केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याच राजकोटला पहिल्या कसोटीत शतक ठोकले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०१९ रोजी, इंदूरच्या मुश्ताक अली स्पर्धेत त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला आणि त्यात टरब्युटालिन निघाले. सर्दी-खोकला झाला म्हणून दुकानातून खोकल्याचे औषध घेतले होते, असे त्याने सांगितले. नियामक मंडळाने ते अनवधानाने घडल्याचे मान्य केले आणि तरीही आठ महिन्यांची बंदी घातली. मागील तारखेपासून धरून ती १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत चालली. वय वर्षे एकोणीस.

हे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने सांगितले. खोकल्याची बाटली आपल्या प्रत्येकाच्या घरात असते. तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. आई चमचा भरून पाजते. आणि त्या बाटलीत दडलेले टरब्युटालिन हे पूर्वपरवानगी नसेल, तर पंपातूनसुद्धा निषिद्ध आहे. उलट जो निळा पंप पाहून लोक नाक मुरडतात तो मर्यादेत पूर्ण नियमसंमत. आपली भीती नेमकी उलट्या जागी बसलेली आहे.

तशीच फसगत 'स्टेरॉइड' या शब्दाची. नातीचा रोजचा पंप स्टेरॉइडचा आहे, हे कळल्यावर आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारले, "मुलीला मिशा तर नाही ना येणार?" शब्द एक, घराणी दोन. शरीर फुगवणाऱ्यांचे स्टेरॉइड हे पुरुषी संप्रेरकाच्या घराण्यातले. दम्यातले स्टेरॉइड हे सूज उतरवणारे. ते स्नायू वाढवत नाही. एवढेच नव्हे, तर गोळ्यांच्या रूपाने महिनोन्महिने घेतले, तर मांड्यांचे स्नायू झिजतात आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. पंपातली मात्रा इतकी अल्प असते, की नेहमीच्या प्रमाणात हा धोका राहत नाही. म्हणून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडच्या गोळीवर व सुईवर बंदी आहे, पंपावर नाही. दमेकरी मुलांचे स्नायू खरे झिजतात ते कशाने? मैदानाबाहेर बसवल्याने. सात वर्षे गुण लिहिणाऱ्या माणसाच्या पिंढऱ्यांकडे पाहा.

रोजचा पंप टाळून केवळ निळ्या पंपावर खेळत राहणे मात्र खरोखर धोक्याचे. तो नळी उघडतो, सूज उतरवत नाही. वरचेवर वापरला, तर त्याचा गुणही कमी होत जातो. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्या मुलांना व प्रौढांना एकट्या निळ्या पंपावर ठेवू नये असे सांगितले आहे. "पंपाची सवय लागते" म्हणणारी मंडळी रोजचा पंप बंद करवतात, आणि मग मूल निळ्या पंपावरच येऊन पडते. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी मुलाला आंधळेपणाने धावायला लावत नाही. मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादेस जिवंत मासा गिळायला जाणारे, कोजागिरीच्या खिरीतले औषध घेणारे आपल्यात आहेत. त्यांच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. परंतु त्या भरवशावर पंप फेकून देऊ नका.

आणखी एक मुलगा सांगतो. १९७२ च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये सोळा वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू रिक डिमाँट ४०० मीटर शर्यतीत शेकंदाच्या शंभराव्या भागाने पहिला आला. दम्याच्या गोळीतले एफेड्रिन त्याच्या नमुन्यात सापडले आणि सुवर्णपदक काढून घेण्यात आले. आपण ही गोळी घेतो, असे त्याने अर्जात आधीच लिहून दिले होते. त्याच्या संघातील जाणत्यांनी पुढची कारवाई केली नव्हती. पुढच्याच वर्षी बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत तोच मुलगा ४०० मीटर चार मिनिटांच्या आत पोहणारा जगातला पहिला पुरुष ठरला. मोठ्या माणसांच्या हलगर्जीपणाची किंमत मुलाने मोजली, एवढे वाचून मी पुस्तक मिटले. मला माझी ती रात्र आठवली.

ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्या खेळाडूंत दम्याचे पंप घेणारे शेकडा आठाच्या आसपास आढळत आले आहेत, आणि पदकांत त्यांचा वाटा त्याहून कमी नाही. यावरूनही लोकांना संशय आला. म्हणून २००२ च्या सॉल्ट लेक सिटीपासून ऑलिंपिक समितीने फुंकरीच्या चाचण्यांचा पुरावा मागायला सुरुवात केली. तरीही दमेकरी राहिलेच. वर्षानुवर्षे थंड हवा, क्लोरीनची वाफ आणि धूळ छातीत भरल्याने कित्येकांना दमा खेळातूनच जडतो, असे आता मानतात.

तेव्हा नातीला उत्तर असे. तू चोरी करत नव्हतीस. दोन दाबांनी तुझ्या दंडात कोणाचे उसने बळ आले नाही. बाकीच्या तेरा मुली जी हवा फुकट घेत होत्या, तेवढीच तू घेतलीस. चोरी झाली असेल, तर ती दुसऱ्या दिवशी झाली. ती मी केली.

मुख्याध्यापिकाबाईंशी माझे बोलणे झाले आहे. कबड्डीच्या सामानाच्या पेटीत यापुढे एक निळा पंप व एक स्पेसर राहील. ज्या मुलांना दमा आहे त्यांच्या पालकांकडून औषधांची नावे लिहून घेतली जातील. जी मुले राज्यपातळीवर वा त्यापुढे जातील त्यांनी खोकल्याची साधी बाटलीसुद्धा डॉक्टरांना दाखवून, राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीशी ताडून घ्यावी. एकाएकी जीव घाबरा झाला, तर मात्र यादी पाहत बसू नये. आधी मुलाला श्वास द्यावा. तातडीच्या उपचाराची परवानगी मागाहूनही मागता येते.

सर आज असते, तर त्यांनी हे सारे कसे घेतले असते, असे मी पुष्कळदा मनाशी विचारतो. ते जुन्या वळणाचे होते, पण हट्टी नव्हते. त्यांनी माझ्या हाती दिलेली ती पाटी मी अजून जपून ठेवली आहे. येत्या शनिवारी सकाळी साडेसात वाजता, मागच्या मैदानावर, आपल्या मुलींचा सामना आहे. माझी नात पहिली चढाई करणार आहे. पंप ती सर्वांसमोर घेईल. गुण लिहायला मी येतोच आहे.